एकही दिवस चुकला नाही

बाई टेबलावर आडव्या होत्या. त्यांचा उजवा पाय माझ्या हातात होता आणि डावा हात कोपरापासून मागेपुढे हलत होता, थांबतच नव्हता. दुखतंय म्हणून अस्वस्थ झाल्या असतील, असं मला आधी वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, तेवढीच दोनशे-तीनशेची भर पडते. इथं अर्धा तास तरी मोडणार ना माझा." मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं.

मी नाशिकला सोळा वर्षं फिजिओथेरपी करते आहे. बाई आमच्याच भागातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय ६२. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते, म्हणून मीही. जानेवारीतला सोमवार होता. तीन आठवड्यांपासून त्यांचा उजवा चवडा दुखत होता. कुठे पडल्या नव्हत्या, पाय मुरगळला नव्हता. घराजवळच्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही, म्हणून गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दुखणं दबायचं, आणि दबलं की बाई चालायला निघायच्या.

मी चवड्यावरून अंगठा दाबत दाबत नेला. दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोटाच्या मुळापासून थोडं वर, बाई एकदम कळवळल्या. जागा जेमतेम एका पेराएवढी. तिच्या अलीकडे दाबलं तर काही नाही, पलीकडे दाबलं तर काही नाही. वरून थोडी सूज, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला. स्नायूचं दुखणं पसरट असतं, हात फिरवून दाखवावं लागतं. दुखणं असं बोट ठेवून दाखवता आलं की हाडाचा संशय घ्यायचा. बारीक चीर असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर ती बरेचदा दिसतच नाही. हाड भरून यायला लागलं की मग दिसते.

"रोज किती चालता बाई?"

"काल १३,८५० पावलं झाली. आजचं टार्गेट १३,९२० आहे." पाढा म्हणावा तसं सांगितलं त्यांनी.

मी त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि ॲपमध्ये एकेक दिवस मागे सरकवत गेले. घड्याळ दिवाळीला मुलानं दिलेलं. तो डब्लिनला असतो, आईची काळजी वाटते म्हणून घेऊन आला. पहिल्या दिवशीचं टार्गेट ७,५०० होतं. ते पूर्ण झालं की घड्याळ दुसऱ्या दिवशी आपोआप थोडं वाढवायचं, नाही झालं तर थोडं उतरवायचं. रचना अशी की माणूस आपल्या जागी स्थिर व्हावा. पण बाईंचा आकडा एकदाही उतरला नव्हता. सलग ८७ दिवस. आलेख जिन्यासारखा वर चढत गेलेला.

"एकही दिवस चुकला नाही माझा," बाई म्हणाल्या. आवाजात अभिमान होता, आणि तो मला फार लागला.

मला त्या दिवशी कळलं ते हे. ज्याला कंटाळा आहे, जो चार दिवसांत घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकतो, त्याला या टार्गेटचा काही त्रास नाही. त्रास होतो तो दिलेलं काम पुरं केल्याशिवाय न झोपणाऱ्या माणसाला. पस्तीस वर्षं वह्या तपासून मगच पाठ टेकणारी बाई. तिनं पूर्ण केलं की घड्याळाला वाटतं, हिला जमतंय, अजून देऊ या. दुखतंय का, हे ते विचारत नाही. त्याला फक्त मनगट हललेलं कळतं. म्हणून तर पोळ्या लाटताना पावलं मोजली जातात आणि ट्रॉली दोन्ही हातांनी ढकलत बाजार केला तर मोजणी बरीच कमी भरते.

"घड्याळ यायच्या आधी किती चालणं व्हायचं?"

"भाजी, देऊळ, आणि जेवण झाल्यावर शतपावली."

म्हणजे तीन-साडेतीन हजार असेल. ते कोणी मोजलंच नव्हतं. एक आठवडा नुसतं घड्याळ घालून नेहमीसारखं राहायला सांगितलं असतं तरी तिचा खरा आकडा मिळाला असता, आणि त्यावर हळूहळू हजार-पाचशे चढवता आले असते. त्याऐवजी पहिल्याच सकाळी ७,५००.

शतपावलीचं आता काय झालं होतं तेही बाईंनीच सांगितलं. रात्री साडेअकराला हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल. काकांची झोप मोडू नये म्हणून चपला काढून. अनवाणी, फरशीवर, त्याच दुखऱ्या चवड्यावर. बारा वाजायच्या आत आकडा पुरा झाला की घड्याळ थरथरायचं, पडद्यावर फटाके उडायचे. मग झोप.

मी जरा चिडूनच विचारलं, "एवढं चालायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

बाईंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. अक्षर माझं होतं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी आल्या होत्या तेव्हाची. व्यायामाच्या खाली, शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: रोज १०,००० पावले चालणे.

"घड्याळ सात हजारांवर होतं तेव्हा मला वाटायचं, तू सांगितलंस त्याहून कमीच आहे की अजून," त्या म्हणाल्या.

मला बोलायला काही सुचलं नाही. ती ओळ मी किती चिठ्ठ्यांवर लिहिली असेल, मोजदाद नाही. शुगर असो, वजन असो, गुडघा असो, शेवटी तीच ओळ. आमच्या शिक्षकांनी सांगितली, सगळेच सांगतात, म्हणून मीही.

शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांकडे त्यांना लगेच पाठवलं, नवा एक्स-रे झाला. संध्याकाळी प्लेट उजेडावर धरली तर दुसऱ्या मेटाटार्सलवर, म्हणजे चवड्यातल्या दुसऱ्या लांब हाडावर, केसासारखी रेघ, आणि तिच्याभोवती कापसासारखं पांढुरकं नवं हाड. तीन आठवडे शरीर सांधत होतं आणि रोज रात्री बाई त्यावरून चालत होत्या. याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. मार्च म्हणजे कूच. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन करून ठेवलं, ते हेच दुखणं. एका दणक्यानं हे हाड मोडत नाही. तोच लहान भार हजारो वेळा पडतो आणि मधे भरून यायला उसंत मिळत नाही, तेव्हा ते चिरतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईचं हाड आधीच विरळ असण्याची शक्यता, म्हणून डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता दोन्ही तपासायला सांगितली.

त्या रात्री मी तो दहा हजारांचा आकडा कुठून आला ते वाचत बसले. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या जपानी घड्याळ कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा. आधी संशोधन होऊन हा आकडा ठरलेला नव्हता. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास मांडला, सरासरी वय ७२. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा सपाट झाला. माझ्या बाई त्या सपाटीच्या दुप्पट उंचीला निघाल्या होत्या, मोडक्या हाडावर.

वाचता वाचता मला एक काका आठवले. अँजिओप्लास्टीनंतर मेटोप्रोलोल सुरू असलेले. त्यांच्या घड्याळात 'जोरदार व्यायामाची मिनिटं' कधी भरतच नसत, म्हणून ते पाच मजले दोनदा चढायला लागले होते. त्या गोळीचं कामच ठोके वर जाऊ न देणं हे आहे. घड्याळ मात्र २२० वजा वय या ढोबळ हिशेबानं ठोक्यांची वाट पाहत बसलेलं. त्यांना मी वेळेत थांबवलं होतं. बाईंना नाही.

त्याआधी, संध्याकाळी, क्लिनिकमधूनच बाईंनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला होता. त्यानं प्लेट पाहिली आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला रोज दिसायचं ना आईनं टार्गेट गाठलंय, मी अंगठा टाकायचो." त्यानं तिथूनच सांगत सांगत माझ्याकडून ते आपोआप वाढणं बंद करून घेतलं. ते पर्याय शोधायला आम्हा दोघांना दहा मिनिटं लागली. ६२ वर्षांच्या बाईला एकटीला ते सापडणं शक्य नव्हतं. बाई मधेच हळूच म्हणाल्या, "म्हणजे ८७ चं शून्य होणार?" मी हो म्हटलं. त्यांनी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता.

मग मला म्हणाल्या, "आता नवीन लिहून दे."

मी कोऱ्या कागदावर लिहिलं. सहा आठवडे बाहेर चालायचं नाही, घरातसुद्धा कडक तळाचे बूट. मग डॉक्टरांनी हो म्हटलं की सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, दिवसाआड. आठवड्याला दोन-तीन मिनिटांनीच वाढवायचं. पावलांचा आकडा कुठेही लिहिला नाही. शेवटी लिहिलं: दुखलं की थांबायचं.

बाईंनी चष्मा लावून वही तपासावी तसं वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे केला. "ही शेवटची ओळ अधोरेखित कर. नाहीतर मी थांबणार नाही."

मी दोन रेघा ओढल्या आणि जुनी चिठ्ठी मागून घेतली.