काही दुखत नसताना केलेली तपासणी

आमच्या भागात बाईच्या कुठल्याही दुखण्यावर एकच सल्ला ठरलेला: "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." माझ्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडावर डाग दिसला, तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं. पिशवी न काढता माझा उपचार झाला, तोही कॅन्सर व्हायच्या आधी, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाई करते. शाळा उघडायच्या आधी सीझनमध्ये मान वर करायला फुरसत नसते. आशाताई त्याआधी घरी आल्या, म्हणून जमलं. "तिशी ओलांडली ना ताई? मग काही त्रास नसला तरी या, फक्त पाळी संपल्यावर या." मला खरंच काही त्रास नव्हता. पाळी वेळेवर, अंगावरून जाणं नाही.

आरोग्य केंद्रात आधी बीपी, शुगर झाली, मग तोंड आणि स्तन तपासले. शेवटची तपासणी पडद्याआड. सिस्टरनी गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावला आणि एक मिनिट थांबल्या. व्हिनेगरचा आंबूस वास आला, थोडं चुरचुरलं, एवढंच. निरोगी भाग गुलाबीच राहतो, बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. माझ्यात पांढरा डाग होता.

मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासलं, त्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात. डॉक्टर मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं. आयोडीन लावल्यावर सगळीकडे गडद तपकिरी रंग चढला, पण कडेचा एक तुकडा पिवळाच राहिला. तिथलाच कणभर भाग चिमट्यानं काढून बायोप्सीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मशीनवर बसून टाके नीट पडत नव्हते. रिपोर्टमध्ये 'सीआयएन 2' आलं, म्हणजे कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी.

मॅडमनी नवऱ्यालाही समोर बसवून समजावलं, त्याचे मी त्यांचे फार आभार मानते. याचं मूळ एचपीव्ही नावाचा विषाणू. तो बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला घालवतं. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, त्यामुळं कोणाच्या चारित्र्यावर संशय घ्यायचं कारण नाही. तो टिकला तरी कॅन्सर व्हायला साधारण 10 ते 15 वर्षं लागतात. एवढी सवड फार थोडे आजार देतात.

उपचार म्हणजे सुमारे 100 अंश तापलेली छोटी सळई डागावर एक मिनिटापेक्षा कमी वेळ टेकवणं. पाळीसारखी कळ आली, तेवढ्यात झालंही. चालत घरी आले. पुढे काही आठवडे पाण्यासारखं जात होतं, महिनाभर संबंध टाळायला सांगितले होते. पिशवी काढायचा विषय मॅडमनी काढलाच नाही.

त्यांनीच बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलबद्दल सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी टाटा मेमोरियलसोबत शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास केला. 2009 मध्ये निष्कर्ष आला की, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसिटिक ॲसिडच्या चाचणीचा तितका फायदा त्या अभ्यासात दिसला नाही. मला तिनंच वाचवलं, तरी माझं म्हणणं, जिथं एचपीव्ही चाचणी मिळते तिथं तीच मागा.

माझ्या जाऊबाईंची पाळी बंद झालीय. त्या वयात बघायचा भाग आत सरकतो, ॲसिटिक ॲसिडची चाचणी भरवशाची राहत नाही. त्यामुळं त्यांची एचपीव्हीच करायचं ठरवलंय. वर्षानं माझी फेरतपासणी आहे, तेव्हा दोघी बरोबर जाऊ. मुलगी अकरा वर्षांची आहे. 9 ते 14 वयात एचपीव्हीची लस सर्वांत उपयोगी पडते, तिला ती या सुट्टीतच द्यायची आहे.