रिकाम्या डोंगरांत जायची तयारी

आईला नकाशा दाखवला तर ती म्हणाली, "तिथं कुणी राहातच नाही म्हणतोस, मग जातोस कशाला?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. स्पेनच्या पूर्वेकडे तेरुएल नावाचा प्रांत आहे. चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसं. आपल्या पुणे जिल्ह्यात 2011च्या जनगणनेला 603 होती. या भागातून 'मोंतान्यास वासियास', म्हणजे 'रिकामे डोंगर', नावाचा सुमारे 680 किलोमीटरचा बाइकपॅकिंगचा, म्हणजे सायकलवर सामान लादून फिरायचा, वळसा जातो. तेरुएलहून निघायचं, फिरून तेरुएललाच यायचं. ऑक्टोबर 2024 मध्ये माझ्याकडे बारा दिवस होते. म्हणून अख्खा वळसा सोडून मी पश्चिमेची अल्बारासीनची डोंगररांग धरली.

डोक्यात चित्र भलतंच सोपं होतं. दिवसभर सायकल हाणायची आणि रात्री 'रेफुहियो'त पडायचं. रेफुहियो म्हणजे डोंगरातली साधी दगडी खोली. कुलूप नाही, भाडं नाही, बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात शेकोटीची जागा. पाच रात्री अशा काढायच्या असं ठरवून मी फाइल घेऊन मुंबईला व्हिसाच्या काउंटरवर गेलो.

"नऊ ते तेरा तारखेला मुक्काम कुठे?"
"डोंगरात खोल्या आहेत."
"बुकिंग?"
"त्यांचं बुकिंग होत नाही."

समोरच्या मुलीने फाइल बंद केली आणि अलगद माझ्याकडे सरकवली. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जात प्रत्येक रात्रीचा पत्ता लागतो, हे मी वाचलं होतं. पण "सायकलवाल्यांना चालतं" असं कुणीतरी सांगितलेलं, तेच धरून बसलो. नाही चालत. बाहेर आल्यावर एका एजंटने सुचवलं, "सर, डमी बुकिंग टाकू, व्हिसा आला की कॅन्सल." सोपं होतं, पण खाली सही माझी असणार होती. पुढची अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे गेले. प्रवासाच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो, मी जूनमध्ये जागा झालो. ही चूक माझीच.

मग खरं प्लॅनिंग सुरू झालं, म्हणजे खाटा शोधणं. त्या गावांतल्या निम्म्या जागा बुकिंगच्या साइटवर नाहीतच. व्हॉट्सॲपवर, भाषांतराच्या ॲपचा टेकू घेऊन बोलायचं. 'कासा रुराल' म्हणून जी घरं दिसतात ती बहुतेक अख्खी भाड्याने देतात, वर किमान दोन रात्री. एकट्या माणसाने 'ओस्ताल', म्हणजे खोली देणारं साधं छोटं लॉज, शोधावं. एका ओस्तालच्या मावशींना (वय आवाजावरून ठरवलंय) मी बारा तारीख विचारली. उत्तरादाखल चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला. तीनदा ऐकल्यावर दोन शब्द कळले: "एल पिलार". बारा ऑक्टोबर म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय सण, आणि सारागोसा शहरात पिलारच्या देवीची मोठी जत्रा. साहजिकच डोंगरातल्या खाटा शहरवाल्यांनी कधीच धरून ठेवलेल्या.

त्याहून वाईट म्हणजे 2024 मध्ये बारा तारीख शनिवारी आली. माझ्या एक्सेलमध्ये त्या शनिवारी दुकान 'चालू' होतं. प्रत्यक्षात शनिवारी सण, रविवारी सुट्टी, म्हणजे सलग दोन दिवस दुकानाला टाळं. शीट परत लिहायला घेतली. किलोमीटर आणि चढ हे कॉलम आता शेवटी गेले. आधी आलं पाणी, दुकान, बार, बंदचा वार, सूर्यास्त. तिकडची गावातली दुकानं दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात ती पाचला उघडतात. काही गावांत 'मुल्तिसेर्विसिओ' असतं, दुकान, बार आणि गप्पांचा अड्डा एकाच छपराखाली. तेही आठवड्यातून एक दिवस बंद, आणि तो वार प्रत्येक गावाचा वेगळा. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य उगवतो तोच आठनंतर, उजेड एकूण अकरा तास. रोज साठ किलोमीटरच्या वर आकडा टाकायचा नाही असं ठरवलं.

थंडीचा अंदाज घेणं जास्त अवघड. ग्रिएगोस हे गाव 1,601 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शेंड्याच्या जवळपास. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. स्लीपिंग बॅगची परीक्षा घ्यायला बेडरूमचा एसी सोळावर लावून फरशीवर झोपलो. पहाटे घामाने जाग आली. बायकोने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं होतं. बॅग घरीच ठेवली आणि खाटांच्या पावत्यांवर भरवसा टाकला. म्हणजे काउंटरवरच्या मुलीचंच ऐकलं म्हणायचं.

या सगळ्यात एक तुकडा मात्र निव्वळ आनंदाचा होता. ग्वादालाव्यार या छोट्याशा गावात मेंढपाळांच्या स्थलांतराचं संग्रहालय आहे. हिवाळ्याच्या तोंडावर तिथले मेंढपाळ कळप घेऊन दक्षिणेला आंदालुसियाकडे उतरायचे, आपले धनगर दिवाळीच्या सुमाराला कोकणात उतरतात तसेच. त्यांच्या जुन्या वाटा 1995च्या कायद्याने सार्वजनिक म्हणून राखल्या आहेत, त्यांवरून सायकल नेता येते. याच टापूत ताहो नदी उगमते आणि 1,007 किलोमीटर वाहत लिस्बनला अटलांटिकला मिळते. जवळच उगम पावणारी तुरिया मात्र वालेन्सियाला भूमध्यात जाते. त्या दोन उगमांच्या मधल्या दिवशी मी शीटमध्ये फक्त पंचवीस किलोमीटर ठेवले.

ऑक्टोबर हा रानडुकरांच्या शिकारीचाही हंगाम. 'बातिदा', म्हणजे हाका घालून चाललेली शिकार, अशी पाटी दिसली की त्या वाटेला जायचं नाही. म्हणून रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसलं नारिंगी रिफ्लेक्टर जॅकेट दोनशे रुपयांत घेतलं. अख्ख्या सामानात सगळ्यात स्वस्त वस्तू. सायकलचा खोका बारा दिवस ठेवून घ्यायला तेरुएलचं ओस्ताल तयार झालं. आणि सप्टेंबरात व्हिसा आला.

निघायच्या आदल्या रात्री आईने पेढ्यांचा डबा आणून ठेवला. दुधाचं काही तिकडे नेता येत नाही म्हटल्यावर ती खट्टू झाली. "मग खाणार काय?" मी शीट दाखवली. चष्मा लावून ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली आणि तेरा तारखेवर थांबली. दुकान: बंद. बार: बंद. काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि अर्धा किलो चिवडा घेऊन आली. फ्रेम बॅगेत जादाची ट्यूब होती, ती तिने बाहेर काढली. चिवडा बरोब्बर बसला. ट्यूब मी सीटखालच्या दांडीला इलेक्ट्रिकच्या टेपने गुंडाळली.