तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवर जायच्या आधीची एक बिअर

सुट्टीवर गावी आलो की हा प्रश्न ठरलेला. "बोटीवर जाताना विमानतळावर बिअर पिऊन जाता म्हणे! बोटीवर मिळत नाही होय?"

नाही मिळत. मी तेलाच्या टँकरवर पंपमन आहे, म्हणजे तेल चढवा-उतरवायचे पंप सांभाळणारा. आमच्या कंपनीची सगळी जहाजं 'ड्राय'. बंदरात नाही, थर्टी फर्स्टलाही नाही. शिडी चढून वर गेलं की आधी यंत्रात फुंकायचं, मग केबिनची चावी. पुढेही कधीही तपासणी होते, झोपेतून उठवूनसुद्धा. आंतरराष्ट्रीय नियमात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, आमच्याकडे शून्य.

याचा मला कधी राग आला नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात 'एक्झॉन वाल्डीझ' हे तेलाचं टँकर जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. बंदर सोडण्याआधी कप्तानाने किनाऱ्यावर दारू घेतली होती. नशेत जहाज चालवल्याचा आरोप कोर्टात टिकला नाही, पण टँकरवाल्यांनी दारूचे नियम कडक केले ते त्यानंतरच. पायाखाली हजारो टन तेल असताना शेजारी व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस शुद्धीवरच हवा.

म्हणून ती एक बिअर मुंबईलाच, विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर. इमिग्रेशनचा शिक्का बसेपर्यंत मी घरचाच असतो. फोनवर आईच्या सूचना चालू असतात, बॅगेत कुळथाचं पीठ नीट आहे ना, वगैरे. शिक्क्यानंतर बारच्या कोपऱ्यातली खुर्ची आणि एक पाइंट. तो मी पाऊण तास पुरवतो. पहिल्या जॉइनिंगला सोबत हर्णैचे एक जुने बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते. त्यांनीच ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "घे. आणि घरचं काय राहिलंय ते आत्ताच बोल, वर गेल्यावर कामाचंच बोलायचं." मी कौलांबद्दल बोललो, बहिणीच्या लग्नाबद्दल बोललो, या वर्षी गणपती चुकणार म्हणून रडलोही. ते ऐकत राहिले.

आता कधी माझ्यासोबत नवखा पोरगा असतो. त्याला प्यायचं नसेल तर लिंबूपाणी घेतो, पण बसवतो मी त्याला. दुसरा ग्लास कोणालाच नाही. पुढे सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, मग हॉटेल, सकाळी जहाजापर्यंत नेणारी लाँच, आणि वर ते फुंकायचं यंत्र.

आणि हो, परतताना मी वाटेत कुठेच घेत नाही. नऊ महिन्यांनी आई दारात तुकडा ओवाळायला उभी असते, तेव्हा तोंडाला वास नको.