हात की डोकं?

मी ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्यांना, पेशंटची गाडी चालवण्याची क्षमता कशी तपासायची ते शिकवते. त्या रविवारी तीन मुली शिकायला होत्या आणि समोर कळव्याचे एक रिक्षावाले काका. वय ४९. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक, म्हणून डावा हात-पाय कमजोर. आता चालत होते, शर्टाची बटणं स्वतः लावत होते. रिक्षा दारात उभी आणि हप्ते चालू.

उजव्या मेंदूला झटका बसला की आम्हाला पहिली धास्ती डाव्या बाजूच्या दुर्लक्षाची. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू ती बाजू जमेतच धरत नाही आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. आपल्या रस्त्यांवर बाइक घुसतात डावीकडून, प्रवासी हात करतात तेही डावीकडूनच. काकांनी मात्र पानभर विखुरलेले तारे एकही न सोडता खोडले.

अडलं पुढच्या कागदावर. १ वरून ए, ए वरून २, २ वरून बी, अशी रेघ ओढत जायचं. लक्ष दोन गोष्टींत वाटता येतं का, ते यात कळतं. काका दर वेळी ओठांतल्या ओठांत एबीसीडी पहिल्यापासून म्हणायचे. तीन मिनिटांची मर्यादा उलटली, ते एफपाशीच. एका मुलीने शेरा लिहिला : ‘अपात्र’.

“काका, शाळा कुठवर?”

“चौथी. गावाला, झेडपीची.”

त्या शाळांत इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. मी तोच कागद हाताने काढला, क, ख, ग, घ घालून. काका न अडखळता शेवटपर्यंत गेले. या अक्षरांवर तीन मिनिटांचा निकष लावता येत नाही, म्हणून ‘पास’ असंही लिहिता येत नव्हतं. पण ‘अपात्र’ खोडायला लावलं. त्या शब्दावर एका घराची चूल विझू शकते, हे मुलींना मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

मग मैदान. शिकाऊ कारमध्ये शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, रिक्षात तशी सोय नाही. म्हणून मोकळं मैदान, पहिला-दुसरा गिअर, एवढंच. रिक्षात क्लच आणि गिअर डाव्या हातात, ॲक्सिलरेटर उजव्या हातात, ब्रेक उजव्या पायाखाली. खोलीत डाव्या हाताची पकड बरी भरली होती, पण ती आम्ही तीनदाच मोजतो, तीही मध्ये विश्रांती देऊन. कापूरबावडीच्या गर्दीत विश्रांती कोण देतो? मी त्यांना तशीच चालवायला लावली. दहा पावलं, थांबा. पुन्हा दहा पावलं, थांबा.

वळणं सुरेख घेत होते. डावीकडे ठेवलेल्या प्रत्येक कोनला नेमकं अंतर राखत होते. ‘अपात्र’ लिहिणारीच मुलगी मागे बसून क्लच मोजत होती. तिसाव्यानंतर रिक्षा हिसके द्यायला लागली. चौतिसाव्याला बोटं मिटली ती उघडेनात. काकांनी ब्रेक दाबला आणि उजव्या हाताने एकेक बोट सोडवलं. माजिवड्याच्या पुलावर, चढावर, मागे बस असताना हे झालं असतं तर?

रिपोर्ट तिनेच लिहिला : लक्ष आणि नजर चांगली, डावा हात लवकर थकतो, सध्या रिक्षा चालवू नये, व्यायामानंतर आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. लायसन्ससाठी लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यावर, फॉर्म १-ए वर, सही डॉक्टरांची आणि निर्णय आरटीओचा, पण सही करणाऱ्यासमोर निदान हा कागद असेल.

सांगायलाही तिलाच लावलं. काका खाली बघत ऐकत होते.

“ताई, एकच सांगा. हात की डोकं?”

“हात, काका.”

“नक्की?”

“नक्की. डोकं शाबूत आहे.”

त्यांनी बायकोकडे बघितलं. “घरात सात महिने मला हिशेबाला बसू देत नाहीत,” ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.