उंची मोजायची राहिली होती

मे महिन्यातली दुपारची ओपीडी संपत आली होती. आई, आजी आणि त्यांच्यामागे मान खाली घातलेली मुलगी आत आली. आजींनी आधी दार लावून घेतलं, मग फाईल माझ्यापुढे सरकवली. "बाई, सात वर्साची पोर हाय. चार दिस झाले, अंगावर जातंय." आईच्या डोळ्याला पाणी. घरात पुरुषांना अजून काही सांगितलं नव्हतं.

फाईलमध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. दोन्ही बीजांडकोश वाढलेले, पाण्याच्या गाठींनी भरलेले. एका ठिकाणी त्यांना ऑपरेशन सांगितलं होतं आणि तारीख तीन दिवसांवर आली होती.

मिरजेत मुलांची डॉक्टर म्हणून काम करताना लवकर वयात आलेल्या मुली मी पाहत असते. मुली साधारण ८ ते १३ या वयात वयात येऊ लागतात. आधी छातीला गाठ लागते, पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. मुलांमध्ये हे ९ ते १४ या वयात होतं आणि पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं. मुलीत ८ च्या आधी, मुलात ९ च्या आधी सुरुवात झाली तर तपासायलाच हवं. मुलींमध्ये बहुतेक वेळा मागे कुठलाही आजार सापडत नाही, मेंदूकडून निघणारा इशारा लवकर निघालेला असतो. मुलगा असेल तर मात्र मी जास्त धास्तावते, कारण त्यांच्यात मेंदूतली गाठ किंवा दुसरं काही कारण निघण्याची शक्यता बरीच जास्त असते. अशी मुलं-मुली भराभर उंच होतात, वर्गात सगळ्यांत उंच दिसतात. पण हाडांची टोकं लवकर जुळून येतात आणि मोठेपणी तीच बुटकी राहतात. म्हणून काहींना ती प्रक्रिया थांबवणारी इंजेक्शनं द्यावी लागतात.

हेच मनात धरून मी तिला उंचीच्या पट्टीला उभं केलं. १०४ सेंटिमीटर. टाचा टेकवून पुन्हा मोजलं. तेवढीच. या वयाला ११८-१२० च्या आसपास हवी होती. वयात येणारी मुलगी आणि उंची खुंटलेली, हे जुळत नव्हतं. मी विचारलं तशा आजी म्हणाल्या, "दोन दिवाळ्यामागचा फ्रॉक हाय ह्यो, अजून बसतोय." चेहरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी, शौचाला तीन-तीन दिवस होत नाही. छाती वाढलेली, पण खाली केस नाहीत.

एवढ्या लहान मुलीला रक्तस्राव झाला की इजा, आत अडकलेली वस्तू, कुणी दिलेला त्रास हे सगळं पाहावंच लागतं. आईला जवळ बसवून, तिला सांगत सांगत, हळूच तपासलं. नंतर तिच्याशी एकटीशीही बोलले. तसं काही नव्हतं.

डाव्या हाताचा एक्स-रे काढला. सातव्या वर्षी मुलीच्या मनगटात साधारण सात छोटी हाडं दिसतात. तिच्या फिल्मवर चारच होती. हाडांचं वय चारच्या आसपास! लवकर वयात येताना ते पुढे धावतं, इथे तीन वर्षं मागे होतं. खुंटलेली उंची, कोरडी कातडी, मागे पडलेली हाडं, सगळं थायरॉईडकडे बोट दाखवत होतं. मी तिथेच त्याची तपासणी लिहिली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, शंभराच्या वर. नेहमी तो पाचाच्या आत असतो. थायरॉईड ग्रंथी बराच काळ थकलेली असली की मेंदू तिला हलवण्यासाठी टीएसएच ओततच राहतो. त्याची घडण बीजांडकोशाला चालना देणाऱ्या एफएसएचशी इतकी मिळतीजुळती असते की ढिगाने साचल्यावर बीजांडकोशही त्याला प्रतिसाद देतात. त्यात गाठी होतात, छाती वाढते, रक्तस्राव होतो.

मी लगेच आईला फोन केला. ऑपरेशन नको, रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची एक गोळी, खाणं त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. त्या बाईंना ते खरंच वाटेना. "नुसती गोळी?" असं त्यांनी तीनदा विचारलं. ती तारीख तीन दिवसांवर होती, हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

रक्तस्राव परत झाला नाही. चौथ्या महिन्याच्या सोनोग्राफीत गाठी विरलेल्या होत्या. सहा महिन्यांनी आले तेव्हा वडीलही सोबत होते. त्यांनी स्वतः खाली बसून तिच्या चपला काढल्या आणि तिला पट्टीपाशी उभं केलं. १०९.