येशेना, येशाना

मंगळवार, रात्रीचे साडेबारा

साव्ता, म्हणजे हिब्रूत आजी, इथे इस्राएलात मी जिला सांभाळते ती, आज संध्याकाळपासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तशी ती रोजही फार बोलत नाही. पण आज मी मोजत बसले.

दुपारी 3 वाजता तिच्या मुलीचा फोन. 2 ते 4 श्लाफश्टुंडे, म्हणजे वामकुक्षीची वेळ. जर्मनीहून आलेल्या ज्यूंनी हा शब्द इथे आणला आणि साव्ता ती वेळ अजून कसोशीने पाळते. "काय करतेय ती?" मी म्हटलं, "साव्ता येशाना." म्हणायचं होतं येशेना, झोपलीय. तोंडातून गेलं, जुनी झालीय. पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग ती हसली. प्रेमानेच हसली. पण खोलीचं दार उघडं होतं.

लिहिताना दोन्ही सारखंच: योद, शिन, नून, हे. अक्षरांखालच्या ठिपक्यांनी फरक कळतो, पण ते ठिपके लहान मुलांच्या पुस्तकांत आणि प्रार्थनेच्या पोथीत. रोजच्या वर्तमानपत्रात नाहीत. आणि येशाना माणसाला म्हणतही नाहीत. म्हातारी बाई ज़्केना. येशाना चप्पल असते, गादी असते. जिला रोज हात धरून उठवते, तिला मी गादीच्या रांगेत नेऊन बसवलं.

ऐकलं असेल का तिने?

वही काढली. लिशोन, झोपणं. लानूआख, विसावा घेणं. लेनामनेम, डुलकी काढणं. हा म्हणताना ओठच पेंगतात. तार्देमा, फासळी काढण्याआधी देवाने आदामवर घातलेली गाढ झोप. शब्बात, ज्यूंचा शनिवारचा विसावा, त्याला वही लागली नव्हती. आमच्या अलिबागकडे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंना शनवार तेली म्हणत, आजीकडून ऐकलेलं. आजी असती तर... जाऊ दे.

एवढे शब्द येतात, आणि नेमका एका मात्रेला घात. मराठीत मी किती जपून बोलते, समोरच्याला टोचू नये म्हणून वाक्य दोनदा फिरवून घेते, हे इथे कोणाला कळणार? इथे मी फक्त चुकीचं बोलणारी बाई.

झोप न येण्याला नेदुदेई शेना म्हणतात. झोपेची भटकंती. आपली झोप उडते. उडालेली कधीतरी परत येऊन बसते. भटकायला गेलेलीचं काही सांगता येत नाही. माझी आत्ता कुठल्या गल्लीत असेल.

ऐकलं असेलही. ऐकलं असेल तर तिने मला संध्याकाळी चहात साखर कमी का विचारलं नसतं. का विचारलं असतं? मला तिचं मौन अजून वाचता येत नाही, आणि ते शिकायला वही नाही. हळूहळू येईल. येईलच असं नाही, पण मी आहे इथे.

मघाशी पांघरूण सारखं करायला गेले. डोळे मिटलेले. मी पाय न वाजवता वळले, तर मागून म्हणाली, "अनी लो येशेना. अनी नाखा."

झोपले नाहीये. पडलेय.

आईसुद्धा दुपारी हेच म्हणायची, घोरत असली तरी.

"शे" म्हणाली की "शा", ते मला नीट ऐकू आलं नाही.