स्पोर्ट्स कारच्या उंबरठ्यावर उजळणारं नाव : सिल प्लेट बसवण्याचा माझा अनुभव

दोन लांब दारं, बिनचौकटीच्या काचा आणि जमिनीलगतचा रुंद उंबरठा. अशा गाडीत दार उघडल्यावर नाव उजळणारी पट्टी, म्हणजे सिल प्लेट, बसवायची तर सगळा वेळ वायरिंगमध्ये जाईल असं वाटतं. माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो अक्षरांत.

नाव देवनागरीत हवं होतं. १ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यातून लेझरने अक्षरं आरपार कापली, की ‘व’, ‘ब’, ‘ष’ यांच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो. त्याला पत्र्याशी धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. एकच पूल ठेवला तर तुकडा हलतो, म्हणून मी प्रत्येकी दोन ठेवले, रुंदी १ मिलिमीटर. पण खरी अडचण शिरोरेखेची. ती सलग कापली तर अक्षरांमधला पत्रा वरून सुटा होतो आणि जिभेसारखा फक्त खालच्या बाजूने धरलेला राहतो. गाडीत बसताना टाच तिथेच पडते. जीभ वाकते, वर उचलली जाते आणि कापड अडकेल इतकी धारदार असते. पहिला नमुना याच कारणाने बाद केला. दुसऱ्यात शिरोरेखा प्रत्येक अक्षराच्या आधी १ मिलिमीटर तोडली. मागून उजेड आला की हातभर अंतरावरून ती फट जाणवतही नाही. रेषेची जाडी १.५ मिलिमीटरच्या खाली नेली नाही. त्याहून बारीक रेषेतून प्रकाश पुरेसा येत नाही आणि चिखल मात्र घट्ट बसतो.

फाइल कापायला देण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टशिवायच्या नुसत्या रेषाकृतीत, बदलून घ्यावीत. समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. यंत्र कापताना कुणी शुद्धलेखन तपासत नाही. डाव्या-उजव्या प्लेटचा आकार आरशातल्यासारखा उलट असतो, मजकूर मात्र उलटा करायचा नसतो, म्हणून दोन वेगळ्या फाइली केल्या. खऱ्या मापाचा कागदी छाप उंबरठ्यावर चिकटवून, बाहेर उभं राहून वाचून पाहिला. मगच पत्रा कापला.

आता प्रकाश. एलईडीची पट्टी थेट अक्षरांखाली लावली तर ठिपके दिसतात. मीटरला ६० एलईडीच्या पट्टीत दोन दिव्यांमध्ये साधारण १७ मिलिमीटर अंतर असतं, आणि ठिपके मिसळायला वर जवळपास तेवढीच मोकळी उंची लागते. उंबरठ्यावर ती मिळतच नाही. म्हणून ३ मिलिमीटरची ॲक्रिलिकची पाटी घेतली, तिच्या कडेतून प्रकाश आत सोडला आणि मागच्या बाजूला लेझरने बारीक ठिपके कोरून घेतले. त्या ठिपक्यांवर आपटून प्रकाश वर येतो. पाठीमागे पांढरा परावर्तक कागद लावला. इथे एक चूक फार सहज होते. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेत ताण राहिलेला असतो, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं की केसासारखे तडे जातात आणि ते प्रकाशात झगझगीत दिसतात. ॲक्रिलिक फक्त साबणाच्या पाण्याने पुसावं.

१२ व्होल्टची एलईडी पट्टी गाडीला सरळ जोडू नये. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.४ च्या आसपास असतं. तीन एलईडी आणि १५० ओहमचा रोधक अशी नेहमीची रचना धरली, तर १२ व्होल्टला साधारण १८ मिलिॲम्पिअर जातात आणि १४.४ ला ३४. म्हणजे जवळजवळ दुप्पट. बंद पाटीत ती उष्णता बाहेर जायला वाट नाही. आधी दिवे मंद होतात, मग पट्टीचे तुकडे विझतात. मी मध्ये छोटा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं सर्किट, टाकून ११ व्होल्ट बांधून घेतले. इंजिन बंद असो वा चालू, उजेड सारखाच राहतो, आणि रात्री डोळ्यांवरही येत नाही.

दाराच्या दिव्याची वायर तोडून तिच्यावरच भार टाकायचा मोह आवरावा. नव्या गाड्यांत दिवे-दारं सांभाळणारा संगणक, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, वीज झपाट्याने चालू-बंद करून (पल्सने) तो दिवा हळूहळू मंद करतं. जादा भार टाकला की बिघाडाचा संदेश येऊ शकतो, आणि रिले (विजेवर चालणारा खटका) लावला तर तो त्या पल्सवर तडतडत बसतो. त्या वायरीतून फक्त इशारा घेतला, तोही फिल्टर असलेल्या मॉसफेट मॉड्यूलला, म्हणजे हलते भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक खटक्याला. वीज फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप (जुन्या फ्यूजच्या जागी बसून नव्या भारासाठी वेगळा फ्यूज देणारा जोड) लावून आणली. दोन्ही प्लेट मिळून अर्धा ॲम्पिअरही लागत नाही, त्यामुळे २ ॲम्पिअरचा फ्यूज आणि ०.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. टॅपची दिशा मात्र बघावी लागते. मूळ फ्यूज काढून कुठल्या खाचेत वीज येते ते टेस्ट लॅम्पने पाहिलं आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय तिथे बसवला. उलटा बसला तर नवा भार जुन्या फ्यूजमधूनच जातो. अर्थिंग गाडीच्या मूळ बोल्टवर घेतलं, एअरबॅगच्या अर्थिंगवर नाही.

उंबरठ्याचं आवरण काढण्याआधी काचा खाली घेतल्या. बिनचौकटीची काच दार उघडताना थोडी उतरते; बॅटरी काढल्यावर ती उतरत नाही आणि रबरात अडकते. बॅटरी विजेच्या खटक्याने उघडणाऱ्या डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेवावी. निगेटिव्ह टर्मिनल काढून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबलो. उंबरठ्याखालून एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरी जातात, बहुधा पिवळ्या आवरणात. त्यांना मीटर लावायचा नाही, त्यांच्याशी आपली वायर बांधायचीही नाही. आवरण प्लॅस्टिकच्या पट्टीने, क्लिपच्या अगदी शेजारून उचललं. थंडीत क्लिपा कडक होऊन तुटतात, म्हणून गाडी उबदार जागी ठेवली होती. तरीही काही क्लिपा बॉडीतच राहिल्या. सात-आठ नव्या जवळ असाव्यात.

पत्रा १, ॲक्रिलिक ३ आणि टेप १.१ मिलिमीटर मिळून ५ मिलिमीटरच्या वर जातं. एवढी उंची वर ठेवली तर पायाला लागते. मी सुटं मिळणारं दुसरं आवरण घेऊन त्यात खाच केली, मूळ आवरण जसंच्या तसं जपून ठेवलं. वायर जिथून बाहेर पडते तिथे न्यूट्रल सिलिकॉन भरलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

चिकटवायला व्हीएचबी, म्हणजे दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी फोमची टेप वापरली. आवरण पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं असल्याने प्रायमरशिवाय (पकड वाढवणाऱ्या लेपाशिवाय) ती धरत नाही, आणि हे आवरण मात्र अल्कोहोलने पुसणं योग्यच आहे. तापमान २१ अंशांच्या वर हवं. चांगला दाब दिला आणि ७२ तास त्यावर कुणाचा पाय पडू दिला नाही, कारण पूर्ण पकड तेव्हाच येते. वायरींना कापडी टेप गुंडाळली. साध्या इन्सुलेशन टेपचा चिक उन्हात सुटतो. सोडवता यावं म्हणून कनेक्टरपाशी १५ सेंटिमीटरचा फेरा सोडला. कार्बन फायबरच्या बॉडीत ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्याला थेट टेकू देऊ नये, ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं.

बॅटरी जोडून काचा कुठवर वर-खाली जायच्या ती मर्यादा गाडीला पुन्हा शिकवली, गाडी लॉक केली आणि अर्ध्या तासाने क्लॅम्प मीटरने झोपेतला, म्हणजे सगळं बंद असतानाचा, प्रवाह मोजला. ५० मिलिॲम्पिअरच्या आत होता आणि काम सुरू करण्याआधीच्या आकड्याइतकाच. मग कागदाची पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. असं दर १० सेंटिमीटरला. एका कोपऱ्यात ती सैल सरकली, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच आत आलं असतं. प्लेटचा तो कोपरा रबराखाली २ मिलिमीटर गेला होता. घासून मागे घेतला आणि कागद तिथेही अडकला.